लिनक्सवर अँटी-चीट पुन्हा पुन्हा गेमबाहेर काढतं? दोष कुणाकडे आहे ते आधी ओळखा

अडचण साधारण अशी दिसते. प्रोटॉनवर, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या स्टीमच्या सोयीवर, गेम उघडतो, मेन्यू येतो, एकट्यानं खेळायचा भाग सुरळीत चालतो. ऑनलाइन मॅच शोधायला गेलं की ‘अँटी-चीट सुरू होऊ शकलं नाही’ अशा अर्थाची पाटी येते (अँटी-चीट म्हणजे ऑनलाइन खेळातली फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर), किंवा मॅचमध्ये शिरल्यावर मिनिटाभरात सर्व्हर बाहेर काढतो. काहीतरी खटपट करून गेम चालू होतो, दोन-तीन आठवडे बरे जातात आणि पुढच्या अपडेटला पुन्हा तेच.

मग माणूस प्रोटॉनच्या आवृत्त्या बदलत बसतो, कुठून कुठून लाँच ऑप्शन (गेम सुरू करताना द्यायच्या सूचना) गोळा करतो, शेवटी डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा प्रकारसुद्धा बदलतो. यातली बरीच मेहनत फुकट जाते, कारण एकाच पाटीमागे तीन वेगळी कारणं असू शकतात. प्रकाशकानं लिनक्सला परवानगीच दिलेली नसेल. परवानगी असेल, पण तुमच्या मशीनवर अँटी-चीटची जोडणी तुटली असेल. किंवा दोन्ही ठीक असून गेमच्या नाहीतर सिस्टीमच्या ताज्या अपडेटनं काहीतरी बिघडवलं असेल. पहिल्या प्रकारात तुमच्या हातात काहीही नाही, दुसरा प्रकार बहुतेक वेळा अर्ध्या तासात सुटतो, तिसऱ्यात थोडं थांबावं लागतं. म्हणून काहीही बदलण्याआधी आपण कुठल्या प्रकारात आहोत ते पक्कं करायचं.

परवानगी आहे का?

प्रोटॉन व्हॉल्वनं, म्हणजे स्टीमच्या कंपनीनं, ऑगस्ट २०१८ मध्ये आणलं. ते वाइन या विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर उभं आहे. गेम विंडोजकडे जे मागतो ते लिनक्सकडून मिळवून द्यायचं, हे त्याचं काम. डायरेक्टएक्स या विंडोजच्या ग्राफिक्स पद्धतीच्या ९ ते ११ ची चित्रं डीएक्सव्हीके आणि १२ ची व्हीकेडीथ्रीडी-प्रोटॉन, लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कन या पद्धतीवर नेतं. हे सगळं तुमच्या मशीनवर घडतं आणि त्यासाठी गेम बनवणाऱ्याची संमती लागत नाही. म्हणूनच हजारो गेम कुणी हातही न लावता लिनक्सवर चालू लागले. अँटी-चीटच्या बाबतीत मात्र पलीकडे सर्व्हर बसलेला असतो. खेळाडूच्या मशीनवर सगळं जागच्या जागी आहे याची खात्री त्या सर्व्हरला पटली तरच आत घेतात, आणि खात्री कशी पटवायची हे ठरवणं पूर्णपणे गेमच्या कंपनीकडे असतं.

सप्टेंबर २०२१ मध्ये, म्हणजे स्टीम डेक हे व्हॉल्वचं लिनक्सवर चालणारं हातातलं गेमयंत्र लोकांच्या हातात पडायच्या काही महिने आधी, एपिकनं ईझी अँटी-चीट प्रोटॉनवर चालेल असं जाहीर केलं आणि पाठोपाठ बॅटलआयनंही. त्या वेळी अनेकांना वाटलं की प्रश्न संपला. तो संपला नाही, कारण दोन्ही ठिकाणी ही सोय आपोआप चालू होत नाही. प्रत्येक गेमच्या कंपनीनं ती स्वतः चालू करायची असते. ईझी अँटी-चीटमध्ये कंपनीला आपल्या डेव्हलपर खात्यात लिनक्सचा पर्याय सुरू करून त्यासाठीची लिनक्स फाइल गेमबरोबर पाठवावी लागते. बॅटलआयमध्ये त्यांना तसं कळवावं लागतं. तांत्रिक काम फार नसतं, पण त्यानंतर लिनक्सवरून होणाऱ्या चीटिंगची जबाबदारी कंपनीवर येते, आणि बरेच प्रकाशक तिथेच थबकतात.

त्यामुळे अँटी-चीटचं नाव कळल्यानं काहीच ठरत नाही. एल्डन रिंग, डेड बाय डेलाइट, फॉल गाइज आणि हेलोचा मास्टर चीफ संग्रह हे चारही ईझी अँटी-चीट वापरतात आणि प्रोटॉनवर ऑनलाइन चालतात. फोर्टनाइटही तेच वापरतो, पण तिथे एपिकनं स्वतःचंच अँटी-चीट लिनक्ससाठी चालू केलेलं नाही. डेझी आणि आर्मा ३ बॅटलआयसह चालतात. रेनबो सिक्स सीज त्याच बॅटलआयसह चालत नाही. डेस्टिनी २ च्या कंपनीनं तर लिनक्सवर ही अडवणूक चुकवायचा प्रयत्न केला तर खातं बंद होईल असं स्पष्ट लिहून ठेवलं आहे. हेलडायव्हर्स २ मधलं एनप्रोटेक्ट गेमगार्ड विंडोजवर चांगलंच खोलवर जातं, तरीही तो गेम प्रोटॉनवर व्यवस्थित चालतो.

कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, ड्रायव्हर घालणारी अँटी-चीट हा वेगळा वर्ग आहे. रायटचं व्हॅनगार्ड, कॉल ऑफ ड्यूटीचं रिकोशे आणि ईएचं जॅव्हलिन त्यात येतात. विंडोजच्या कर्नलसाठी लिहिलेला ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये बसतच नाही. वाइनखाली चालणारा प्रोग्रॅम लिनक्सच्या दृष्टीनं एक साधी प्रक्रिया असतो, त्याला कर्नलचे अधिकार देण्याची सोय वाइनमध्ये नाही आणि ती नसणंच बरोबर आहे. लीग ऑफ लेजंड्स वाइनवर वर्षानुवर्षं खेळला जायचा. मे २०२४ मध्ये त्यात व्हॅनगार्ड आलं आणि लिनक्सवरचा खेळ एका दिवसात थांबला. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेला बॅटलफील्ड ६ विंडोजवरसुद्धा सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असल्याशिवाय सुरू होत नाही. तुमचा गेम या वर्गातला असेल तर पुढचे उपाय त्याच्यासाठी नाहीत. खाली दुसऱ्या डिस्कवरच्या विंडोजबद्दल लिहिलं आहे, थेट तिथे जा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. आज असलेली परवानगी उद्या जाऊ शकते. एपेक्स लेजंड्स २०२२ पासून लिनक्सवर अधिकृतपणे चालत होता. ३१ ऑक्टोबर २०२४ ला कंपनीनं लिनक्स बंद केलं, कारण त्यांच्या मते चीट बनवणारे तिथे आसरा घेत होते आणि पकडणं कठीण जात होतं. जीटीए ऑनलाइनमध्ये सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय आलं, पण लिनक्सचा पर्याय चालू केला गेला नाही. लिनक्सवर अनेक वर्षं चालत आलेला ऑनलाइन भाग त्या अपडेटसरशी गेला. म्हणून ‘गेल्या महिन्यापर्यंत तर चालत होता’ हा पुरावा धरून मशीन उलथंपालथं करू नका. आधी परवानगी पुन्हा तपासा.

तपासायला चार जागा पुरतात. पहिली जागा स्टीमवरचं गेमचं पान. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीपासून व्हॉल्वनं कर्नलमध्ये जाणाऱ्या अँटी-चीटची नोंद या पानावर करणं बंधनकारक केलं आहे. दुसरी, त्याच पानावरचा स्टीम डेकचा शेरा. अँटी-चीट डेकसाठी जुळवलेलं नाही असं तिथे लिहिलं असेल तर साध्या लिनक्सवरही तेच धरून चाला. तिसरी जागा ‘आर वी अँटी-चीट येट’ ही लोकांनी चालवलेली यादी. तिच्यात प्रत्येक गेमसमोर अवस्था दिलेली असते: अधिकृत आधार, नुसताच चालतो, मोडलेला, किंवा नाकारलेला. ‘नुसताच चालतो’ आणि ‘अधिकृत आधार’ यांत फरक आहे. पहिल्यात कंपनीनं कसलंही वचन दिलेलं नसतं. चौथी जागा प्रोटॉनडीबी, म्हणजे खेळाडूंनी आपले अनुभव नोंदवायचं संकेतस्थळ. तिथला सोनेरी-रुपेरी शिक्का बघू नका, तो जुन्या नोंदी धरून बनतो. गेल्या काही आठवड्यांतल्या नोंदी उघडून वाचा आणि ऑनलाइन चाललं का हे त्यात शोधा. पुष्कळ लोक फक्त कथाभाग खेळून ‘उत्तम चालतो’ असं लिहून जातात.

गेम नुकताच घेतला असेल आणि परवानगी नाही असं कळलं, तर पैसे परत मागण्याचा सरळ मार्ग आहे. स्टीमवर खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर परतावा मिळतो. दुरुस्तीच्या नादात ते दोन तास संपवू नका. गेम उघडा ठेवून केलेली खटपटही खेळण्याच्या वेळेत धरली जाते.

परवानगी आहे, तरी चालत नाही

इथून पुढे दोष तुमच्या मशीनवर असण्याची शक्यता मोठी. खालचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे जाणारा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर गेम चालवून बघा, नाहीतर नेमकं काय लागू पडलं ते कळणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात होईल.

सगळ्यात जास्त वेळा सापडणारा दोष म्हणजे रनटाइम नसणं किंवा अर्धवट उतरलेलं असणं. प्रोटॉनला अँटी-चीटशी बोलण्यासाठी स्वतंत्र तुकडे लागतात. स्टीमच्या लायब्ररीत गाळणीमध्ये ‘टूल्स’ निवडलं की ‘प्रोटॉन ईझी अँटी-चीट रनटाइम’ आणि ‘प्रोटॉन बॅटलआय रनटाइम’ अशी दोन नावं दिसतात. पहिल्याचा स्टीम क्रमांक १८२६३३०, दुसऱ्याचा ११६१०४०. स्टीम ती सहसा आपणहून उतरवतं, पण डाउनलोड मध्येच तुटलं किंवा डिस्क भरली तर नाव दिसतं आणि फाइली अपुऱ्या असतात. दोन्ही बसवलेली आहेत का बघा आणि प्रत्येकाच्या गुणधर्मांत जाऊन फाइलींची तपासणी चालवा. मग खुद्द गेमची तपासणी करा. एवढं झाल्यावर स्टीम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. खिडकी बंद केली तरी स्टीम मागे चालूच राहतं, म्हणून मेन्यूतून बाहेर पडा.

गेम स्टीमबाहेरून, ल्युट्रिस किंवा हिरोइक या लाँचरमधून चालवत असाल तर हे रनटाइम तिथे वेगळे बसवावे लागतात. हिरोइकमध्ये त्यांचे स्वतंत्र पर्याय आहेत, ते चालू आहेत ना ते बघा. एपिकच्या दुकानातून घेतलेल्या गेमबद्दलच्या तक्रारींत हे कारण फार वेळा निघतं.

पुढे प्रोटॉनची आवृत्ती. अँटी-चीटच्या गेमसाठी आधी व्हॉल्वची ताजी स्थिर आवृत्ती, ती चालली नाही तर प्रोटॉन एक्सपेरिमेंटल, आणि मग जीई-प्रोटॉन (व्हॉल्वबाहेर बनणारी आवृत्ती) असा क्रम ठेवा. जीई-प्रोटॉन चांगलंच आहे, व्हिडिओ आणि लाँचरच्या पुष्कळ अडचणी ते सोडवतं. पण ते आपोआप अद्ययावत होत नाही. वर्षभरापूर्वी बसवलेली आवृत्ती गेमला चिकटून राहते आणि अँटी-चीट पुढे निघून जातं. ‘चालायचा, मग अचानक बंद पडला’ यामागे ही शिळी आवृत्ती फार वेळा असते.

मग लाँच ऑप्शन रिकामे करा. अगदी रिकामे, एकही शब्द न ठेवता. मँगोहड, व्हीकेबेसॉल्ट, गेममोड, कुठून तरी उचललेले पर्याय, सगळं काढा. अँटी-चीट आपल्या प्रक्रियेत बाहेरून काय काय शिरलं आहे ते बघत असतं. फ्रेमचा आकडा दाखवणारा थर बहुतेक गेमना चालतो, पण रंग बदलणारे आणि चित्रात ढवळाढवळ करणारे थर काहींना खपत नाहीत. गेम चालू लागला की एकेक परत घाला. हाच नियम मॉडना. गेमच्या फोल्डरमध्ये बदललेली फाइल असेल तर ‘अविश्वसनीय फाइल’ अशी पाटी विंडोजवरही आली असती, त्यात लिनक्सचा दोष नाही. स्टीमची तपासणी बदललेल्या मूळ फाइली दुरुस्त करते, पण तुम्ही वरून टाकलेल्या जादा फाइली ती काढत नाही. त्या हातानं शोधून काढाव्या लागतात.

आता गेम कुठल्या डिस्कवर आहे ते बघा. विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणारे लोक जागा वाचवायला एकच एनटीएफएस विभाग दोघांत वाटून घेतात. हा बेत सुचतो छान, पण त्रास खूप देतो. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक छोटं विंडोजसारखं फोल्डर तयार करतं, त्याला प्रीफिक्स म्हणतात. त्यात ड्राइव्हच्या नावात कोलन असलेले दुवे असतात आणि कोलन विंडोजच्या नियमात बसत नाही. विंडोजनं मधे डिस्क तपासली की हे दुवे मोडतात. शिवाय दोन्ही बाजूंची स्टीम एकाच गेमला आपापल्या वेळी अपडेट करतात आणि फाइलींचा मेळ जातो. गेम लिनक्सच्या स्वतःच्या विभागावर, ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएसवर हलवा. अँटी-चीटची तक्रार तेवढ्यानंच थांबलेली बऱ्याचदा दिसते.

स्टीम फ्लॅटपॅक या पॅकेज पद्धतीतून घेतलं असेल तर दुसऱ्या डिस्कची परवानगी त्याला वेगळी द्यावी लागते. फ्लॅटसील या प्रोग्रॅममधून ती देता येते. स्नॅप या तशाच दुसऱ्या पद्धतीतून घेतलं असेल तर माझं स्पष्ट मत आहे की ते काढून व्हॉल्वचं डेब पॅकेज किंवा तुमच्या डिस्ट्रोचं पॅकेज बसवा आणि मग पुढचा विचार करा. उबुंटू २४.०४ पासून साध्या वापरकर्त्याच्या नेमस्पेसवर (प्रोग्रॅमला वेगळी बंदिस्त जागा देणारी सोय) अ‍ॅपआर्मरचं बंधन आहे आणि प्रोटॉनचा डबा, ज्यात गेम चालतो, त्याच नेमस्पेसवर उभा असतो. अधिकृत पॅकेजबरोबर त्यासाठीची परवानगी येते, हातानं भलत्याच ठिकाणी उतरवलेल्या स्टीमला ती मिळत नाही. कडक सुरक्षेसाठी बनवलेला कर्नल वापरणाऱ्यांनीही एकदा साध्या कर्नलवर बूट करून बघावं.

यानंतर प्रीफिक्स. स्टीमच्या फोल्डरात ‘स्टीमॲप्स’खाली ‘कॉम्पॅटडेटा’ असतं आणि त्यात गेमच्या क्रमांकाचं फोल्डर. त्याचं नाव बदला, पुसू नका. गेम पुन्हा उघडला की स्टीम नवं कोरं प्रीफिक्स बनवतं आणि अँटी-चीट नव्यानं बसतं. पुसू नका असं बजावून सांगण्याचं कारण असं की ज्या गेमचं जतन क्लाउडवर जात नाही त्यांची सगळी प्रगती याच फोल्डरात असते. नव्यात गेम चालला की जुन्यातून जतन केलेल्या फाइली उचलून आणा.

संगणकाचं घड्याळही बघून घ्या. विंडोज मदरबोर्डवरचं घड्याळ स्थानिक वेळेत ठेवतं, लिनक्स ते जागतिक वेळेत धरतं. दोन्ही सिस्टीम असलेल्या मशीनवर एकीतून दुसरीत गेलं की वेळ काही तासांनी सरकते. इंटरनेटवरून वेळ जुळेपर्यंत सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं नाकारली जाऊ शकतात आणि अँटी-चीटला आपल्या सर्व्हरशी बोलताच येत नाही. पाटी मात्र ‘सेवा उपलब्ध नाही’ अशी काहीतरी येते, त्यामुळे घड्याळाकडे कुणाचं लक्ष जात नाही. वेळ आपोआप जुळवण्याचा पर्याय दोन्हीकडे चालू ठेवा.

इतकं करूनही गेम अडला तर लॉग काढा. गेमच्या लाँच ऑप्शनमध्ये प्रोटॉन आणि लॉग हे दोन शब्द कॅपिटल रोमन अक्षरांत, मधे अंडरस्कोर देऊन लिहा. त्याला जोडून बरोबरचं चिन्ह आणि रोमन एक. मग जागा सोडून, दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह असलेला, लहान अक्षरांतला ‘कमांड’ हा शब्द. गेम चालवला की होम फोल्डरमध्ये स्टीम आणि गेमचा क्रमांक अशा नावाची फाइल येते. ती प्रचंड मोठी असते, सगळी वाचायची गरज नाही. तिच्यात अँटी-चीटचं नाव शोधा आणि पहिल्यांदा जिथे चूक नोंदली आहे ती ओळ बघा. शेवटची ओळ बहुधा आधीच्या बिघाडाचा परिणाम असते, कारण वरच सापडतं. ईझी अँटी-चीट स्वतःची नोंदही ठेवतं: प्रीफिक्समधल्या वापरकर्त्याच्या ‘ॲपडेटा’खाली ‘रोमिंग’, आणि त्यात त्याच्या नावाचं फोल्डर.

गेमच्या फोल्डरातल्या ‘ईझी अँटी-चीट’ या उपफोल्डरमध्येही डोकवा. तिथे विंडोजच्या डीएलएल फाइलीच्या जोडीला लिनक्सची ‘एसओ’ शेपटीची फाइल दिसली, तर कंपनीनं लिनक्सचा तुकडा पाठवलेला आहे. ती नसेल तर मशीनवर आणखी वेळ घालवण्याआधी परवानगीचा मुद्दा पुन्हा तपासा. फाइल आहे म्हणजे सर्व्हरवरही पर्याय चालू आहे असं मात्र नाही. एपेक्सच्या उदाहरणासारखं दार सर्व्हरकडूनही बंद करता येतं.

मेमरीच्या नकाशांची मर्यादा हाही एक फसवा प्रकार आहे. लिनक्समध्ये एका प्रक्रियेला किती नकाशे वापरता येतील याला मर्यादा असते आणि तिचा जुना आकडा ६५५३० आहे. मोठ्या गेमना तो पुरत नाही आणि ते मॅच लोड होताना कोसळतात. नेमकं त्याच क्षणी अँटी-चीटही जागं होत असतं, म्हणून संशय त्याच्यावर जातो. फेडोरानं ३९ व्या आवृत्तीपासून ही मर्यादा १०४८५७६ केली आणि इतर डिस्ट्रोही तिच्या वाटेनं गेल्या. जुनी सिस्टीम असेल तर हा आकडा वाढवून बघा.

अपडेटनंतर बिघडलं तर

सगळं नीट असताना अचानक बंद पडलं तर आधी एकच प्रश्न विचारा: काल आणि आज यांच्यामध्ये काय बदललं? गेम, स्टीम, प्रोटॉन की सिस्टीम?

सिस्टीमच्या बदलानं काय होऊ शकतं याचं ठळक उदाहरण ऑगस्ट २०२२ मधलं. जीलिबसी ही लिनक्सच्या तळाशी असलेली लायब्ररी २.३६ आवृत्तीला गेली तेव्हा तिच्या फाइलींतला एक जुना हॅश तक्ता मुळातल्या जुळवणीतून काढला गेला. नवा, जास्त वेगवान तक्ता कित्येक वर्षं वापरात होताच. पण ईझी अँटी-चीट जुना तक्ता वाचत होतं. जिथे ही आवृत्ती लगेच पोहोचते त्या आर्चसारख्या डिस्ट्रोंवर त्याचे गेम एका रात्रीत बंद पडले. वापरणाऱ्यांनी काहीही चुकीचं केलेलं नव्हतं आणि प्रोटॉन बदलून उपयोगही नव्हता. आर्चनं आपल्या पॅकेजमध्ये जुना तक्ता परत घातला तेव्हा गेम पूर्ववत झाले. रोज नवी पॅकेजं घेणारी डिस्ट्रो वापरत असाल तर जुनी पॅकेजं कॅशमध्ये ठेवा, आणि बीटीआरएफएसचे स्नॅपशॉट घेता येत असतील तर अपडेटच्या आधी घ्या. एक पाऊल मागे जाऊन गेम चालला तर दोष कुठे आहे ते पाच मिनिटांत सिद्ध होतं.

गेमच्या अपडेटनं बिघडलं असेल तर पहिले एक-दोन दिवस थांबणं हाच उपाय. कंपनी लिनक्सची फाइल विसरते किंवा जुनीच पाठवते, हे होतं, आणि तक्रारी पोहोचल्या की दुरुस्त होतं. या काळात मॅचमध्ये शिरण्याचा सारखा प्रयत्न करत राहू नका. स्पर्धात्मक गेममध्ये प्रत्येक वेळी बाहेर फेकलं जाणं ‘मॅच सोडली’ असं मोजलं जातं आणि त्याची शिक्षा खात्याला लागते.

‘क्लायंट प्रतिसाद देत नाही’ किंवा ‘क्वेरी टाइमआउट’ अशी बॅटलआयची पाटी मॅचच्या मधेच येत असेल तर आधी नेटवर्क बघा. व्हीपीएन बंद करा, फायरवॉल तपासा, वायफायऐवजी केबल लावून बघा. गेम सुरूच होत नाही आणि ‘ड्रायव्हर लोड होऊ शकला नाही’ असं दिसतं तेव्हा मात्र बॅटलआय विंडोजचा ड्रायव्हर बसवायला बघतं आहे. म्हणजे एकतर रनटाइम पोहोचलं नाही किंवा त्या गेमला परवानगी नाही.

परवानगी नसेल तर उरलेल्या वाटा

काही गेम अँटी-चीटशिवाय अधिकृतपणे चालवता येतात. हेलोच्या मास्टर चीफ संग्रहात सुरुवातीलाच तसा पर्याय असतो, जुळवून दिल्या जाणाऱ्या मॅच तेवढ्या बंद राहतात. जीटीए ५ चा कथाभाग बॅटलआय बंद करून खेळता येतो. आर्मा ३ च्या लाँचरमध्येही ती खूण काढता येते आणि मित्राच्या खासगी सर्व्हरवर खेळता येतं.

आभासी मशीनमध्ये विंडोज चालवून ग्राफिक्स कार्ड त्याला देण्याची वाट तंत्राच्या दृष्टीनं मजबूत आहे, पण पुष्कळ अँटी-चीट आभासी मशीन ओळखून नकार देतात. आपण आभासी मशीनमध्ये आहोत हे लपवण्याच्या युक्त्या सगळीकडे सांगितल्या जातात. त्या वापरू नका. लपवाछपवी ही चीट बनवणाऱ्यांचीच पद्धत असल्यामुळे पकडलं गेल्यावर तुमचा हेतू कुणी विचारत नाही. अँटी-चीट चुकवून देतो म्हणणाऱ्या फाइलींनाही हेच लागू. त्यांत काय भरलं आहे ते तुम्हाला बघता येत नाही आणि वर्षानुवर्षं जमवलेलं खातं एका दिवसात जाऊ शकतं.

उरलं दुसऱ्या डिस्कवरचं विंडोज. इथे अडतं ते सिक्युअर बूटवर. व्हॅनगार्ड विंडोज ११ वर सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप मागतं, जॅव्हलिनलाही सिक्युअर बूट लागतं, आणि बरेच लिनक्सवाले ते बंद करून बसलेले असतात. दर वेळी बायॉसमध्ये जाऊन चालू-बंद करण्याची गरज नाही. उबुंटू आणि फेडोराचे बूटलोडर सही केलेले असतात, ते सिक्युअर बूट चालू ठेवून सुरू होतात. एनव्हीडियाचा ड्रायव्हर असेल तर त्याच्या मॉड्यूलची चावी एकदा नोंदवावी लागते. ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड विचारला जातो आणि पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर तो द्यायचा असतो. घाईत तो पडदा निसटला की ड्रायव्हर लोड होत नाही आणि डिस्प्ले अडखळतो. आर्चवर एसबीसीटीएल हे साधन वापरून स्वतःच्या चाव्या बनवता येतात. त्या घालताना मायक्रोसॉफ्टच्या चाव्या काढू नका, काही ग्राफिक्स कार्डांचं फर्मवेअर त्यांच्यावरच अवलंबून असतं. आणि लिनक्सची डिस्क एन्क्रिप्ट करून ठेवा, म्हणजे विंडोजमध्ये कर्नलपर्यंत पोहोचलेल्या कुठल्याही ड्रायव्हरला तुमचा मजकूर वाचता येणार नाही.

ही भीती हवेतली नाही. गेन्शिन इम्पॅक्टच्या अँटी-चीटचा सही केलेला ड्रायव्हर खंडणीखोर सॉफ्टवेअरवाल्यांनी अँटीव्हायरस बंद पाडायला वापरला होता, हे २०२२ मध्ये उघड झालं. ज्यांच्यावर तो वापरला गेला त्यांच्याकडे तो गेम असण्याचीही गरज नव्हती. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं सुमारे ८५ लाख विंडोज मशीन कोसळली, तेव्हापासून सुरक्षेची सॉफ्टवेअर कर्नलबाहेर ठेवण्यावर मायक्रोसॉफ्टही गांभीर्यानं काम करू लागलं. अँटी-चीट त्या वाटेनं गेलं तर लिनक्ससाठी त्यापेक्षा चांगली बातमी नसेल. सर्व्हरवर खेळाडूची चाल तपासणं आणि संशयास्पद खेळांची पाहणी करणं या पद्धतींना कुठलीही ऑपरेटिंग सिस्टीम चालते.

कंपनीचा मुद्दाही खरा आहे, तो नाकारून चालणार नाही. लिनक्सचा कर्नल कुणीही बदलून बनवू शकतो. चीट कर्नलमध्येच दडवलं तर वर चालणाऱ्या अँटी-चीटला ते दिसत नाही. ज्या गेममध्ये बक्षिसाच्या स्पर्धा होतात तिथे ही चिंता मोठी असते. पण त्यावर ‘सगळेच लिनक्सवाले बाहेर’ हा उपाय प्रामाणिकपणे खेळणाऱ्यांवर अन्याय करतो, असं मला ठामपणे वाटतं. म्हणूनच तक्रार नीट करायला हवी.

तक्रार किंवा दाद

चीट न वापरता खातं बंद झालं असेल तर दाद मागा. जानेवारी २०२५ मध्ये मार्व्हल रायव्हल्सनं प्रोटॉनसारख्या थरावरून खेळणाऱ्यांना चुकून बंदी घातली होती, ती मागे घेऊन कंपनीनं माफीही मागितली. अर्जात आपण लिनक्सवर प्रोटॉनमधून खेळतो हे सुरुवातीलाच, न लपवता लिहा.

बिघाड कळवताना ‘लिनक्सवर चालत नाही’ एवढ्यावर थांबू नका. डिस्ट्रो आणि तिची आवृत्ती, कर्नल, ग्राफिक्स कार्ड आणि ड्रायव्हर, प्रोटॉनची नेमकी आवृत्ती, स्टीम कुठल्या पॅकेजमधून घेतलं, गेम कुठल्या फाइल सिस्टीमवर आहे आणि कुठल्या तारखेपर्यंत चालत होता, एवढं द्या. पाटीवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवा, लॉग जोडा, आणि त्यातलं तुमचं वापरकर्तानाव आधी बदला. गेम सर्वांसाठीच बिघडला असेल तर प्रोटॉनच्या गिटहबवर त्या गेमचा धागा बहुधा आधीच उघडलेला असतो. नवा उघडू नका, त्यातच भर घाला. परवानगी नसलेल्या गेमचं गाऱ्हाणं प्रोटॉनवाल्यांकडे नेऊन उपयोग नाही, ते प्रकाशकाच्या मदत केंद्रातच नोंदवा, आणि गेम विकत घेतल्याची पावती त्याला जोडा.